मशीनचा वाटा

सौंदडला आमचं प्रशिक्षण केंद्र होतं ते सोसायटीच्या जुन्या गोदामात. पूर्वी तिथं धानाची पोती असायची. फरशीच्या फटींतून अजून कोंडा निघायचा आणि उंदीर तर मालकासारखे फिरायचे. २०१४ च्या जानेवारीत गोंदियाच्या एका संस्थेनं तिथं चार कॉम्प्युटर, एक लेझर कटिंगची मशीन आणि एक रेडियम कापायची मशीन आणून ठेवली आणि शिकवायला मला नेमलं. मी अलका शहारे, मेकॅनिकल डिप्लोमा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं त्याची सुरुवात त्याच रागातून झाली.

शिकायला एका बचत गटाच्या तेरा बाया होत्या. सगळ्या वरच्या मोहल्ल्यातल्या, शेतीवाल्या घरच्या. चौदावी माझी धाकटी बहीण रीना, एकोणीस वर्षांची. बाबा नागपूरला वॉचमन, दिवाळीला येतात. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी रीनाला वाढवलं म्हणा की तिनं मला सांभाळलं म्हणा, ती सोडून मला कोणी नाही.

गटाची अध्यक्ष धुरपताबाई. पन्नाशीची, ताठ पाठीची, आणि बोलायला लागली की समोरच्याची पर्वा नाही. एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत, घरी ही आणि नवरा. नवऱ्याचं नाव बकाराम. तो तिला रोज ट्रॅक्टरवर आणून सोडायचा आणि मग दाराशी उभा राहून आत पाहत राहायचा. सहा फुटांचा माणूस, उभा राहिला की दार भरून जायचं, आतला उजेड कमी व्हायचा. "डबा अलग ठेवजो," असं तो बायकोला माझ्यादेखत सांगायचा. आम्ही बौद्ध. सौंदडात या वाक्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

रेडियमचं काम बायांना पहिल्याच दिवशी जमलं. मशीन चिकट शीटवर पातं फिरवून अक्षरं कापते, मग अक्षराभोवतीचं नको ते चिमट्यानं उपसून काढायचं. पुण्याकडे मी महिनाभर शिकायला गेले होते, तिथले सर त्याला 'वीडिंग' म्हणायचे. मी म्हटलं, निंदण. बाया हसल्या आणि कामाला लागल्या. धानाच्या बांधीतलं तण निंदणाऱ्या बोटांना 'श'च्या पोटातला टिकलीएवढा तुकडा काढायला कितीसा वेळ लागणार? धुरपताबाईचा हात सगळ्यांत साफ होता. मी तिला तसं सांगितलं. "मले माहीत हाय," ती म्हणाली.

लेझरचं डिझाइन मात्र वेगळं. तिथं मी पॅरामेट्रिक शिकवत होते. म्हणजे चित्र नुसतं काढायचं नाही, ते नावांवर बांधायचं. बांगडी काढायची तर 'हात' असं नाव ठेवायचं आणि त्याच्यापुढं माप लिहायचं. बांगडीचा घेर, जाळीची भोकं, जोडाच्या खाचा, सगळं त्या 'हात'वरून निघालं पाहिजे. मग तो एक आकडा बदलला की बाकी सगळं त्याच प्रमाणात लहानमोठं होतं. रीनाला हे फार आवडलं. "म्हणजे ताई, एकाच्या मागं सगळे," ती म्हणाली. मी म्हटलं, बरोबर.

"कोणीतरी हात द्या," मी टेप घेऊन उभी राहिले. अंगठा आत दुमडून पंजाच्या रुंद भागाचा घेर घ्यायचा आणि त्यावरून व्यास काढायचा, एवढंच काम होतं.

तेराच्या तेरा हात पदराखाली गेले. एकीच्या हाताला शेण लागलं होतं. एकीचा दुखत होता. धुरपताबाई म्हणाली, "आमी आमचं माप घरून आनू, मॅडम."

"कधी?"

"पाहू."

माझे कान तापले. काय समजायचं ते मी समजले. तेवढ्यात रीना उठली आणि माझ्यासमोर हात धरून म्हणाली, "घे ना ताई. सव्वादोनची बांगडी एकदम फिट होते मले." व्यास निघाला ५७.२ मिलिमीटर. मी टाइप केलं: हात ५७.२, बांगडी सरकावी म्हणून त्यात मिळवायची ढील १.०, लाकडाची जाडी ३.०.

चौथं नाव राहिलं होतं. लेझरचा किरण लाकूड जाळत जातो आणि स्वतःच्या रुंदीएवढं खाऊन टाकतो, साधारण ०.२ मिलिमीटर. तेवढं आधी धरलं नाही तर खाच रुंद होते आणि जोड ढिला पडतो. त्याचा इंग्रजी शब्द बायांना सांगून काय उपयोग? मी म्हटलं, "मळणीला धान चुरताना सांडते ना, ते चिमण्यांचं, मुंग्यांचं. तसा हा मशीनचा वाटा." आणि चौथं नाव लिहिलं: वाटा.

"आमच्या घरी सांडलेलंई झाडून घेतो आमी," धुरपताबाई म्हणाली. "मशीनले वाटा कायले? ते का बांधीत रोवण्याले येते?"

बाया खदखदून हसल्या. मी पुन्हा समजावलं, फळ्यावर आकृती काढली. तिचं एकच. "तुमी देऊन राहिल्या म्हनून ते घेऊन राहिली. नोका देऊ." दाराशी बकाराम उभा होता, तोही हसला. माझं डोकं फिरलं. म्हटलं यांना एकदा दाखवूनच देऊ. "बरं, वाटा शून्य. पाहा आता बांगडी कशी सुटून हातात येते." आणि मी टाइप केलं: वाटा ०.

बांगडी दोन अर्ध्या भागांची होती, एका टोकाला खाच, दुसऱ्याला जीभ. मशीननं चार मिनिटांत कापली. मी दोन्ही भाग एकमेकांत सरकवले आणि सैल लागायची वाट पाहिली. टक्क आवाज आला. जोड घट्ट बसला होता. झटकला, ओढला, सुटेना. व्हर्निअर लावून मोजलं तर खाच ३.००, जीभ ३.००. किरण लाकडातून आरपार गेला होता आणि त्यानं काहीही खाल्लं नव्हतं.

असं होत नसतं. मी हट्टाला पेटले, त्या दुपारी आणखी नऊ कापल्या. दहाही बांगड्या टक्क टक्क बसल्या. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, पण मी ती बोलले नाही. कापताना मशीनमधून रोजचा जळक्या लाकडाचा वास येत नव्हता. केस जळाल्यावर येतो तसा येत होता.

"मी का म्हनत होती?" धुरपताबाई म्हणाली, आणि बायांनी टाळ्या पिटल्या.

*

संस्थेचे सुपरवायझर शालीकराम सर आठवड्यातून एकदा गोंदियाहून यायचे. त्यांनी बांगडी हातात घेऊन फिरवली आणि खूश झाले. "मॅडम, ये तो कमाल है. बकारामजींच्या समाजाचं सामूहिक लग्न आहे अक्षय तृतीयेला. तीस नवऱ्या. प्रत्येकीला चार बांगड्या, वर रेडियमनं नाव. एकशेवीस करून टाका." बकाराम लग्नाच्या समितीवर होता. त्याच्या शब्दाचा प्रश्न होता, म्हणून कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. फाईलची एक प्रत सरांनी मेलवर स्वतःकडे घेतली. एप्रिलच्या मध्यापर्यंत लाकडाच्या शीट यायच्या होत्या, तोवर मशीन बंद राहिली.

त्याच दिवसांत रीनाची सलवार टाचेखाली यायला लागली. "धुवून लांबली असन," ती म्हणाली आणि दोन बोटं दुमडून शिवून घेतली. मग चप्पलही मोठी होते हे ध्यानात आलं. मग एका सकाळी ती हातपंपावर होती, मी दारात. आमच्या दारापासून पंप दहा पावलांवर आहे. मला ती वीस पावलांवर दिसली. पंप जागच्या जागी होता, बादली होती तेवढीच होती, फक्त रीना लांब होती.

मी डोळे चोळले. ती बादली घेऊन आली, माझ्याशेजारी उभी राहिली, तरी ते लांबपण गेलं नाही.

"ताई," ती माझ्याकडे वर पाहत म्हणाली, "तू उंच होऊन राहिली का?"

मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. आमच्याकडे पोरगी बारीक झाली की आधी सिकलसेलची तपासणी करतात, तीही केली. नव्हतं. रक्त ठीक, वजन उंचीच्या हिशेबात बरोबर. उंची भरली १४९.

"कॉलेजच्या आयकार्डवर १५५ आहे," मी म्हटलं.

"आयकार्डवर काहीही लिहितात," डॉक्टर म्हणाले. "वाळली असती तर गोष्ट वेगळी. ही तर प्रमाणशीर आहे."

प्रमाणशीर हा शब्द मला परतीच्या बसमध्ये टोचत राहिला. माणूस वाळतो तेव्हा गाल आत जातात, मनगट बारीक होतं, पण पंजाची हाडं काही लहान होत नाहीत. घरी येऊन मी टेप काढला. अंगठा आत दुमडायला लावला. ५५.२.

म्हटलं, पहिल्यांदा चुकलं असेल. माणूस चुकतो. टेप ताणला जातो. मी ते तसंच दाबून टाकलं, आणि मला त्याची अजून चीड येते. कारण एप्रिलमध्ये शीट आल्या आणि एका शुक्रवारी आम्ही बारा बांगड्या कापल्या. दिवसभर रीना माझ्याशेजारी खुर्चीवर बसली होती. सकाळी तिचे पाय जमिनीला टेकत होते. चार वाजता ते लोंबत होते.

मी तिला कोपऱ्यात नेलं आणि मोजलं. ५२.८.

पहिल्या दहा बांगड्या, दोन मिलिमीटर. आताच्या बारा, दोन पूर्णांक चार. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि तीनदा तपासला. एका बांगडीमागं ०.२. लाकडातून जे जायला हवं होतं, ते बरोबर तेवढं जात होतं, फक्त लाकडातून जात नव्हतं. आणि फळ्यावर मीच शिकवलेलं होतं. एक आकडा घटला की बाकी सगळं त्या प्रमाणात घटतं. पाय, पाठ, चेहरा, सगळं.

पहिल्या दहा धरून बावीस झाल्या होत्या, अठ्ठ्याण्णव बांगड्या राहिल्या होत्या. त्या झाल्या की रीनाचा हात ३३.२ होणार होता. म्हणजे उंची नव्वद सेंटिमीटर, दोन वर्षांच्या पोरीएवढी.

"ताई, किती आलं?" रीनानं विचारलं. मी आकडा सांगितला नाही. तिनं वही ओढून घेतली आणि स्वतः वाचलं. तिला गणित येत होतं, मीच शिकवलं होतं. तिनं वही मिटली आणि माझा दुपट्टा घट्ट धरून ठेवला.

*

शनिवारी मी बायांना सांगितलं, कटिंग बंद. कारण विचारलं. आता यांना काय सांगणार? खोटं सुचलं नाही, खरं सांगितलं.

कोणीतरी फस्सकन हसलं.

"तुही बहीन लहान होऊन राहिली, अन् तेले आमच्या बांगड्या कारन?" धुरपताबाई म्हणाली. "मॅडम, काम करायचं नसन तर तसं सांगा. भुताटकीच्या गोष्टी आमाले कायले सांगता? तुमच्यात तर मानत नाई ना हे?"

बोलताना ती रीनाकडे पाहत होती, आणि पाहता पाहता तिचा आवाज थोडा खाली आला. पण बाकीच्या हसत होत्या. मी सगळ्यांना बाहेर काढलं, गोदामाला कुलूप लावलं आणि चावी घेऊन घरी आले.

रविवारी सकाळी नऊला बकाराम सब्बल, म्हणजे पहार, घेऊन हजर. मागून धुरपताबाई. मी दारासमोर उभी राहिले. शालीकराम सर फोनवर होते. "मॅडम, नाटक मत करो. फाईल मिटवली तरी माझ्याकडे मेलवर आहे. दुसरा शिकवणारा दोन दिवसांत आणतो मी."

"हट," बकाराम मला म्हणाला. मी हटले नाही.

"राहू द्या ना," धुरपताबाई त्याला म्हणाली. "आज राहू द्या. उद्या देतीन त्या चावी."

त्यानं मागं न पाहता तिचं मनगट धरलं आणि तिला बाजूला फेकलं. दोन काचेच्या बांगड्या फुटल्या. मग त्यानं माझं कुलूप मुठीत घेतलं. अख्खं कुलूप त्या पंजात दिसेनासं झालं. सब्बल घालून एक हिसका दिला, कडीसकट निघालं. "उद्या दहा वाजता कटिंग," तो म्हणाला. "तीस घरी जबान देली हाय मी." धुरपताबाई खाली वाकून काचेचे तुकडे पदरात वेचत होती. त्याच्या मागून ती गेली तेव्हाही तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उघड्या गोदामात जाऊन कॉम्प्युटर लावला. दुपारभर मी तिथं होते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पत्रा तडतडत होता.

वाटा ०.२ केला. सेव्ह केलं. बंद करून उघडलं. ०.

सात वेळा केलं. सातही वेळा ०.

नवी कोरी फाईल उघडली, एकही रेघ नसलेली. नावांची यादी पाहिली. रिकामी असायला हवी होती. तिथं हात, ढील, जाडी, वाटा लिहिलेलं होतं.

'हात'चा आकडा मात्र बदलत होता आणि बदललेला टिकत होता. मी २०० टाकला, कोणा माणसाचा नसेल असा. जाळी फाटली, रेघा एकमेकींत घुसल्या, चित्र मोडलं. १० टाकला, तसंच. करत करत कळलं की चाळीस ते पासष्टच्या बाहेर चित्र उभंच राहत नाही. चाळीस ते पासष्ट. सगळे माणसांचेच हात.

माझा स्वतःचा हात ५९.१ आहे. तो मी टाइप केला. खरं सांगते, पाच मिनिटं मी त्या आकड्याकडे पाहत बसले. मग मिटवला. मी लहान झाले तर रीनाला कोण पाहील, असं मी मनाला सांगितलं. पण ते कारण नव्हतं. मला भीती वाटली.

त्या तेरा जणींपैकी एकीचंही माप माझ्याकडे नव्हतं. एकीनं जरी हात दिला असता, तर निदान कोणता आकडा टाकायचा नाही ते तरी मला कळलं असतं. आता प्रत्येक आकडा कोणाचा ना कोणाचा असू शकत होता. बायांत एवढा मोठा हात कोणाचाच नसणार, असं म्हणून मी टाकला ६४.०. हवेतून घेतला. मी तरी तसंच म्हणते.

मग ढील केली उणे ५.८. बेरीज तीच, ५८.२. बांगडी होती तेवढीच निघणार होती, केसाचाही फरक नाही. फक्त हात दुसऱ्याचा.

*

सोमवारी मी घरीच थांबले. रीनाला समोर बसवलं आणि दर अर्ध्या तासानं मोजलं. तिकडं गोदामात बायांनी मशीन चालू केली होती, वारा आला की तिची घरघर आमच्या ओट्यापर्यंत यायची. ५२.८. ५२.८. पाच वाजता घरघर थांबली तेव्हाही ५२.८. मी टेप टाकला आणि तिला मिठी मारून रडले. ती माझ्या खांद्याच्या खालीच राहिली होती आणि आता तिथंच राहणार होती. पण होती.

"दुसरं कोण, ताई?" तिनं माझ्या कुशीतून विचारलं.

"कोणीच नाही," मी म्हटलं.

मंगळवारी मी जीव मुठीत धरून केंद्रात गेले आणि एकेका बाईला न्याहाळलं. तेराही जणी होत्या तेवढ्याच होत्या. बांगड्यांवर रेडियमची नावं चिकटवत होत्या, गप्पा मारत होत्या. मला हायसं वाटलं.

फक्त धुरपताबाई त्या दिवशी पायी आली होती. कोणी विचारलं तर म्हणाली, "बिमार हाय घरी."

लग्न थाटात झालं म्हणे. मी गेले नाही, कोणी बोलावलंही नव्हतं. समितीच्या खुर्चीवर बकाराम दिसला नाही, एवढं कानावर आलं. त्याचा ट्रॅक्टर फाटकात उभा होता आणि फाटक दिवसाही लावलेलं असायचं.

मग चोरखमारा गावाकडच्या एका मंडळाची चाळीस बांगड्यांची ऑर्डर आली. सोमवारी कटिंगला धुरपताबाई स्वतःहून बसली. फाईल तिनंच उघडली आणि नावांची यादी वर सरकवली. तिचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"हे चौसष्ट कोनाचं?"

"कोणाचंच नाही," मी म्हटलं.

"बांगडी तर तेवढीच निघते."

"हो."

तिनं पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग मागं टेकून बराच वेळ दाराकडे पाहत राहिली, जिथं आता कोणी उभं नसायचं. मी आकडा बदलू शकले असते. कोणता टाकणार होते? तिनं पदरानं बोट पुसलं आणि कटिंग सुरू केलं.

गुरुवारी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, ती आमच्या दाराशी आली. आमच्या वस्तीत मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. रीना आत सलवारीला टाके घालत होती, ती उठून दाराआड उभी राहिली.

"तुमच्याकडं कोनाचे जुने कपडे हायेत का, मॅडम?" ती म्हणाली. "पोट्ट्याचे. आमच्या मोहल्ल्यात मांगता येत नाई."

"केवढ्या पोराचे?"

तिनं हात आडवा धरून उंची दाखवली. छातीपाशी धरला होता, तो थोडा खाली आणला.

शेजारच्या विक्कीचा शाळेचा शर्ट मागून आणला, दुसरीतल्या पोराचा. तिनं तो माझ्या हातातून घेतला, उलगडला, खांदे वितीनं मोजले. चेहऱ्यावर रडणं नव्हतं. उन्हात चालून आल्याचा घाम होता, तो तिनं पुसला. तिच्या मनगटावरचे जुने काळे-निळे डाग पिवळे पडून चालले होते.

"बांगड्या किती राहिल्या कापायच्या?" तिनं विचारलं.

"सोळा."

तिनं बोटांच्या पेरांवर हिशेब केला. मग शर्टाची नीट घडी घातली आणि मला परत दिली.

"मंग याच्याहून लहान पाहा," ती म्हणाली.